चार पानं कमी

१

सोमवारी सकाळी निवृत्तिनिधीच्या कचेरीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा फाइल जागच्या जागी होती. हिरवी नाडी होती, नाडीची निरगाठ होती, पुठ्ठ्यावरचं लेबल होतं. आणि तरीही चोरी झालेली होती.

हे कळलं ते हिशेबनिसांमुळे. त्यांना सगळी कचेरी पानमोजे म्हणायची. त्यांचं खरं आडनाव आता पगारपत्रकावर तेवढं उरलं होतं. फाइल हातात आली की आधी बोट ओलं करून पानं मोजायची आणि मग वाचायची, ही त्यांची तीस वर्षांची रीत. शनिवारी दुपारी बारा वाजता पानं चाळीस होती. पहिल्या पानावर अध्यक्षबाईंनी स्वतः मोजून तसं लिहिलं होतं आणि खाली सही केली होती. सोमवारी छत्तीसच भरली.

"पुन्हा मोजा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"तीनदा मोजली, बाई. एकोणीस ते बावीस नाहीत."

"काय होतं त्यांत?"

"पत्ते. तीन वर्षांतले, हॉटेलांचे."

"पत्तेच ना? ते कंपनीच्या पुस्तिकेतही आहेत." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण घेतले कोणी?"

पानमोज्यांनी मान खाली घातली आणि आणखी एकदा मोजायला सुरुवात केली.

प्रकरण असं होतं. निधी होता एका इस्पितळाच्या निवृत्त माणसांचा: परिचारिका, आया, कंपाउंडर, रुग्णवाहिका चालवणारे. दोनशे बारा माणसं. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची नजर. महिन्याच्या एक तारखेला येणाऱ्या रकमेवर त्यांची औषधं आणि नातवंडांचा खाऊ चालायचा. त्या निधीचा तिसरा हिस्सा एका हॉटेल-कंपनीच्या शेअरांत घालावा, असं घाटत होतं. कंपनीच्या पाटीवर चकचकीत झाकण रंगवलेलं असे, म्हणून गावभर त्यांना झाकणवाले म्हणत. ते घ्यावेत की नाही, याचा कस लावणारी फाइल म्हणजे ही चाळीस पानं.

नियम असा, की फाइलीत एक पान जरी कमी असलं तरी निधीच्या समितीचं मतदान होत नाही. हा नियमही वीस वर्षांपूर्वी पानमोज्यांनीच हट्टाने करवून घेतलेला. पण शेअरदलालाने सवलतीचा भाव मंगळवार संध्याकाळपर्यंतच धरून ठेवला होता. अध्यक्षबाईंनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, "नियम मी माझ्या अधिकारात बाजूला ठेवते. उद्या चार वाजता मतदान."

पानमोज्यांच्या हातातली फाइल टेबलावर आपटली. हळूच, पण आपटली.

चोरी मात्र बाईंच्या पचनी पडेना. मेट्रन म्हणून त्यांनी तीस वर्षं वॉर्डातली थर्मामीटरंसुद्धा रात्री मोजून ठेवली होती. त्यांनी फोन उचलला आणि नणंदेचा नंबर फिरवला.

"वन्सं, जरा येता का? माझ्या कपाटात चोर शिरलाय."

२

नणंद म्हणजे आत्याबाई. सरकारी खात्यात पस्तीस वर्षं त्यांनी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली होती. ओट्याखाली वाकायचं, धुराड्यात डोकं घालायचं, पिंपाची झाकणं उघडायची. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कोणाच्या घरी गेल्या की आधी मोरीकडे नजर जायची. भावजयीने एकदा सांगूनच टाकलं होतं, "माझ्या घरी याल तेव्हा चष्मा दारात ठेवा."

त्या आल्या, खुर्चीत बसल्या आणि फाइल मांडीवर घेतली. घाई केली नाही. देवाने डोळे दोन दिलेत, तेव्हा गोष्ट निदान दोनदा पाहावी, असं त्यांचं म्हणणं.

"शनिवारी बारानंतर खोलीत कोण कोण होतं?"

"मी. पानमोजे. शेअरवाला येऊन अर्धा तास बसला होता. मी तेव्हा वरच्या मजल्यावर. आणि आमचे जावईबापू मला न्यायला आले होते, तेही थांबले. फाइल टेबलावरच होती. दोनला मी कपाट लावलं."

"तेव्हा पानं मोजली?"

"बाराला मोजली होती ना."

आत्याबाईंनी नाडीची गाठ पाहिली. घट्ट निरगाठ, नखं घालून सोडवावी लागेल अशी. एकोणीस ते बावीस काढायची, तर गाठ सोडून वरची अठरा पानं ओवलेल्या नाडीतून उतरवायला हवीत, मग ती चार काढायची आणि अठराच्या अठरा परत ओवायची. त्यांनी उरलेल्या पानांची भोकं बघितली. एकही फाटलेलं नव्हतं.

"चोर फार निवांत होता, वहिनी."

"म्हणजे?"

"मला चार पानं न्यायची असती तर मी ओढून फाडली असती. यानं फाइल दुखावली नाही." त्यांनी पहिलं पान उघडलं. "आणि अनुक्रमणिका तशीच ठेवलीय. एकोणीस ते बावीस, हॉटेलांचे पत्ते, असं लिहिलेलं आहे. पानं गेली हे लपवायचं असतं, तर हेही पान गेलं असतं."

"चोराला अक्कल नसेल."

"किंवा जास्त असेल," आत्याबाई म्हणाल्या आणि उठल्या. "मला आधी सांगा, हॉटेलाच्या शेअराचा कस लावतात कसा? मला फक्त झुरळं मोजता येतात."

३

ते पानमोज्यांनी सांगितलं. बोलू लागले की गडी खुलायचा.

"हॉटेल नवं उघडलं की गर्दी होतेच. ती कुतूहलाची गर्दी. खरी परीक्षा पुढे. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी माणूस त्याच टेबलावर परत येतो का? म्हणून दोन आकडे बघायचे. जुन्या हॉटेलांची विक्री वाढतेय का, आणि वर्षात नवी किती उघडली. दोन्ही चांगले असले, तर लोक नफ्याच्या तीसपट भावसुद्धा आनंदाने देतात."

"झाकणवाल्यांचे कसे आहेत?"

"जुन्यांची विक्री नऊ टक्क्यांनी वर. नवी चोवीस."

"म्हणजे उत्तम."

"छापलंय तसं," पानमोजे म्हणाले आणि एकदम पेन्सिलीला टोक काढू लागले. टोक आधीच होतं.

"भाऊ, तुमचं मत काय? घ्यावेत?"

"माझं मत फाइलीत आहे."

"शेवटच्या पानावर 'पान एकोणीस ते बावीस पाहून निर्णय घ्यावा' एवढंच आहे."

"मग तेच मत," ते म्हणाले. पेन्सिलीचं टोक मोडलं.

शेअरदलाल भेटला तो त्याच्या काचेच्या कचेरीत. गोड बोलणं, गुळगुळीत टेबल.

"मावशी, मी कशाला पानं चोरू? पत्ते लपवून माझा काय फायदा? पत्ते मी वाटत फिरतो." त्याने छापील पुस्तिकांचा गठ्ठाच पुढे केला. "चोवीस नवी हॉटेलं. वाचा, जेवा, मग सांगा."

"तू जेवलास का यांतल्या एखाद्यात?"

"मला ॲसिडिटी आहे, मावशी."

"म्हणजे जिथे स्वतः जेवत नाहीस तिथे दोनशे बारा म्हाताऱ्यांना बसवतोयस."

तो हसला. पण हसताना फायदा लपवणारा माणूस वेगळा दिसतो आणि काही ठाऊकच नसणारा वेगळा. याने पुस्तिकेचं मुखपृष्ठ तेवढं वाचलेलं होतं, असं आत्याबाईंना वाटलं. त्यांनी एक पुस्तिका पिशवीत टाकली.

राहिले जावईबापू. ते झाकणवाल्यांच्या मुख्य कचेरीत नव्या हॉटेलांचं काम बघत. प्रत्येक नव्या हॉटेलाच्या कागदावर त्यांची सही. संध्याकाळी आत्याबाई त्यांच्या घरी गेल्या, तर ते बाल्कनीत एकटेच बसले होते. चहा निवून गेलेला.

"आत्या, तुम्ही माझ्यावर संशय घेताय?"

"मी सगळ्यांवर घेते. सवय आहे. फाइलीला हात लावलात?"

"नाही. शप्पथ नाही."

"बरं. वर्षभरात चोवीस हॉटेलं उघडलीत. दमला असाल."

"हो."

"उद्घाटनाला दर वेळी जावं लागतं?"

"जातो. रिबीन, फोटो, सगळं असतं."

"किती उद्घाटनांना गेलात?"

त्यांनी कपाची कड बोटाने पुसली. बराच वेळ पुसली.

"पंधरा," ते म्हणाले.

"आणि बाकीची नऊ?"

आतून भाची ओरडून विचारत होती, आत्या जेवून जाणार का. जावईबापू उठले आणि आत गेले. परत बाहेर आले नाहीत.

४

मंगळवारी सकाळी आत्याबाईंनी पुस्तिका उघडून चोवीस पत्ते वाचले. त्यांतली दोन हॉटेलं याच गावातली. दोन्ही कोपऱ्यावरची, हे त्यांच्या लक्षात आलं, कारण कोपऱ्यावरच्या हॉटेलाला दोन दारं असतात आणि तपासणीला गेलं की मालक दुसऱ्या दारातून पसार होतो. हा त्यांचा जुना अनुभव.

पहिल्या हॉटेलाची पाटी कोरी करकरीत होती. "पाच महिन्यांपूर्वी सेवेत", असं पुस्तिकेत म्हटलं होतं. त्यांनी सूप मागवलं, अर्धं प्यायल्या आणि वेटरला म्हणाल्या, "बाबा, आचाऱ्याला नमस्कार करून येते."

स्वयंपाकघरात शिरल्या आणि पाय आपोआप थांबले. माणूस चेहऱ्याला रंग लावून फसवतो, स्वयंपाकघराला ते जमत नाही. चुलीपुढची फरशी दोन पावलांच्या आकाराने खोल झिजली होती. पाच महिन्यांत फरशी अशी झिजत नाही. एका माणसाला त्या जागी उभं राहून वर्षानुवर्षं पळी हलवावी लागते. त्यांनी वाकून धुराड्यात बघितलं. तेलाचा थर बोटभर, एकावर एक चढलेला, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखा.

"बाई, तुम्ही?" मागून आवाज आला. आचारी होता. "अजून धुराड्यात डोकं घालता? मला दंड केला होता तुम्ही."

"कशासाठी?"

"झाकण नसलेल्या पिंपासाठी."

"आता झाकण आहे?"

"आता पाटीवरसुद्धा आहे."

दोघंही हसली. मग आत्याबाईंनी हळूच विचारलं, "इथे किती वर्षं झाली?"

"या चुलीपुढे? सात."

"हॉटेल तर नवं आहे म्हणे."

आचाऱ्याने पळी खाली ठेवली. "गिऱ्हाईक रोडावलं होतं, बाई. दुपारी टेबलं रिकामी. मग अकरा दिवस बंद ठेवलं. मोठ्या रस्त्यावरचं दार विटा घालून बुजवलं, गल्लीतलं उघडलं, पाटी तिकडे लावली. आम्हाला सांगितलं, आता हे नवं हॉटेल. गल्लीतला पत्ता, नवा परवाना. चूल तीच, मीही तोच."

दुसऱ्या कोपऱ्यावरही तेच. तिथे तर बुजवलेल्या दाराच्या विटांना अजून रंगही लागला नव्हता.

आत्याबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि त्यांना ती हातचलाखी अख्खी दिसली. जी जुनी हॉटेलं मरायला टेकली, ती जुन्यांच्या यादीतून उचलायची. मग मागे उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. तीच नवा पत्ता देऊन नव्यांच्या यादीत टाकायची. मग नव्यांची संख्याही वाढते. एका दुखण्याची दोन सुदृढ प्रमाणपत्रं. पुस्तिकेतली पुढची पानं उलटून त्यांनी पत्त्यात 'कोपऱ्यावर' असं छापलेल्या जागा मोजल्या. नऊ.

गेल्या वर्षीचे पत्ते यंदाच्या पत्त्यांशेजारी ठेवले, तर ही लबाडी कोणालाही दिसली असती. नेमकी तीच तुलना एकोणीस ते बावीस पानांवर होती.

मग पानं कोणाला नकोशी होती? वरवर पाहता जावयाला. पण घड्याळात दोन वाजत आले होते, आणि आत्याबाई जावयाकडे गेल्या नाहीत.

५

पानमोजे कचेरीत एकटेच होते. समोर डबा, न उघडलेला.

"भाऊ, पानं कुठे आहेत?"

त्यांनी डबा बाजूला सरकवला.

"चोराने निरगाठ सोडली आणि तशीच पुन्हा घातली," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "अठरा पानं ओवली, एकही भोक फाटू दिलं नाही. फाइलीवर इतकी माया असलेला माणूस या गावात एकच आहे. अनुक्रमणिका मुद्दाम ठेवली, म्हणजे पानं कमी आहेत हे कळावं. आणि एक पान कमी असेल तर मतदान नाही, हा नियम तुमचाच. तुम्हाला पत्ते लपवायचे नव्हते. मतदान थांबवायचं होतं."

"थांबलं नाही," पानमोजे म्हणाले. "बाईंनी नियमच बाजूला ठेवला. त्या असं करतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

"मग सरळ सांगायचं होतं, की झाकणवाले फसवतायत."

"कोणाला सांगू?" पानमोजे म्हणाले. "नऊच्या नऊ कागदांवर जावईबापूंची सही आहे. माझी बायको शेवटचे सतरा दिवस इस्पितळात होती. बाई ड्युटी संपल्यावरही तिच्या उशाशी बसायच्या. घरी त्यांची स्वतःची लेक वाट बघत असायची, तरी बसायच्या. त्याच लेकीच्या संसाराला मी हात लावू? माझ्या तोंडाने? मला वाटलं, पानंच नसली तर आठवडाभर ढकललं जाईल. सवलतीची मुदत टळेल. कोणाचं नाव न घेता सगळं निभावेल."

आत्याबाई त्यांच्यासमोर बसल्या. बाहेर कोणीतरी जिन्यावरून बादली घासत नेत होतं. या माणसाने चोरी केली ती उपकारांपोटी, आणि ती चोरी उघडकीस न येता वेळ गेली असती, तर दोनशे बारा उशांशी कोण बसलं असतं? खोटं बोलायला माणूस एकटाच पुरतो. खरं बोलायला मात्र सोबत लागते. ती सोबत देवाने वेळेवर धाडली, तर बरंच काही निभावतं.

"पानं?"

"घरी आहेत. देवापुढे."

"घेऊन या. तीन वाजता वहिनी येतात. मी तुमच्या शेजारी उभी राहीन, पण बोलायचं तुम्ही. हे मी सांगितलं, तर तो माझा शोध होईल. तुम्ही सांगितलंत, तर ते तुमचं काम होईल."

६

अध्यक्षबाईंनी चारही पानं वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. नऊ ओळींवर पेन्सिलीची बारीक खूण होती, आणि समासात पानमोज्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "दार बदलले. चूल तीच असावी."

"तुम्ही स्वतः जाऊन बघितलंत?"

"बाहेरून, बाई. नऊही ठिकाणी. बुजवलेलं दार दिसतं."

"आतून मी बघितलं," आत्याबाई म्हणाल्या. "दोन ठिकाणी."

बाईंनी पानं सारखी करून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "पानमोजे, तुमच्या बायकोच्या उशाशी मी बसले, ते उसनं म्हणून नव्हतं. तुम्ही ते फेडायला निघालात आणि मी दोनशे बारा माणसं विकायला बसले होते."

"चुकलं, बाई."

"चुकलं. पण माझंही. नियम मीच मोडला." त्यांनी चष्मा लावला. "वन्सं, माझ्या लेकीच्या घरात मी आता काय तोंड दाखवू?"

"हेच," आत्याबाई म्हणाल्या. "दुसरं आणायचं कुठून?"

बाईंच्या ओठांना किंचित हसू आलं आणि तसंच मावळलं. त्यांनी फोन उचलला.

"जावईबापू, चारला कचेरीत या. नव्या हॉटेलांचे कागद घेऊन. हो, चोवीसही." पलीकडचं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांचा दुसरा हात टेबलाच्या कडेला घट्ट होता. "जाईल नोकरी. मला ठाऊक आहे. तुमचा हप्ता आहे, पोरीची शाळा आहे, तेही ठाऊक आहे. तुम्हाला यायचं नसेल, तर मी ही चार पानं वाचेन आणि तुमचं नाव मला घ्यावं लागेल. आलात, तर तुमचं तुम्ही बोलाल. मी सासू म्हणून एवढंच करू शकते."

चार वाजले. समितीतले दुसरे दोघं आले: म्हातारे कंपाउंडर आणि रुग्णवाहिका चालवलेले एक गृहस्थ. शेअरदलाल पुस्तिका घेऊन आला. चार वाजून दहा मिनिटं झाली. कंपाउंडर म्हणाले, "कशाची वाट बघायची? हात वर करू आणि मोकळे होऊ."

"पाच मिनिटं," बाई म्हणाल्या.

चार वाजून तेरा मिनिटांनी दार उघडलं. जावईबापूंच्या शर्टाची बाही घामाने चिकटली होती. त्यांनी कोणाकडेही बघितलं नाही. उभ्यानेच कागद काढले आणि वाचायला सुरुवात केली. आधी जुना पत्ता, मग त्याच जागेचा नवा पत्ता, मग बंद ठेवलेले दिवस. एक झालं, दोन झाली. तिसऱ्यानंतर दलालाने हातातली पुस्तिका मिटली. सहाव्याला कंपाउंडरांनी विचारलं, "म्हणजे हे तेच हॉटेल?" आणि जावईबापू म्हणाले, "तेच. टेबलंसुद्धा तीच." नऊ पत्ते वाचून झाले.

"पुढे?" अध्यक्षबाईंनी विचारलं. आवाज मेट्रनचा होता.

"पुढे पत्ते नाहीत, आई. पुढे मीच आहे. सह्या माझ्या. वरून सांगितलं होतं, पण हात माझा होता."

पानमोजे इतिवृत्ताची वही उघडून बसले होते. बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या कार्यालयाला लिहायच्या पत्राचा कच्चा मसुदाही त्यांच्या हाताखाली होता. त्यांची लेखणी कागदाला टेकलेली, पण ते लिहीत नव्हते. नाव लिहायचं की नाही, हे ते डोळ्यांनी बाईंना विचारत होते.

"लिहा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पूर्ण नाव लिहा. आणि त्यापुढे लिहा, की त्यांनी स्वतः येऊन सांगितलं."

मग त्यांनी ठराव वाचला. शेअर घेण्याच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. विरोधात पहिला हात त्यांचाच होता. तो त्यांनी खाली घेतला आणि शेजारची रिकामी खुर्ची जावयाकडे सरकवली.